भरती-ओहोटीचं टाइमटेबल सोडून बाकी सगळं प्लॅनिंग बंद करा

शांत, खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर फॅमिली ट्रिप ठरली की लोक सगळ्यात आधी यादी करतात. जवळपास बघण्यासारख्या दहा जागा, सनसेट पॉइंट, लाइटहाऊस, बोट राइड, आणि मग ते सगळं तीन दिवसांत कोंबायचं म्हणून सकाळी सातला पोरांना उठवून गाडीत बसवायचं. अहो मग घरी काय वाईट होतं, घरीही सातलाच उठवतो की.

माझं मत स्पष्ट आहे, पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा. असल्या किनाऱ्यावर जाताना प्लॅन एकाच गोष्टीचा करायचा, भरती-ओहोटीच्या वेळांचा. बाकी दिवस मोकळा. कारण ती जागाच दर सहा तासांनी बदलते. सकाळी जिथं दगडादगडांत साचलेली डबकी बघत फिरलात तिथं दुपारी फेस उसळत असतो. म्हणजे त्याच जागी बसून दोन वेगळे समुद्र बघायला मिळतात आणि लोक मात्र गाडी काढून दुसरा पॉइंट बघायला निघतात!

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज ओहोटी सकाळी आठला असेल तर उद्या नऊच्या जरा आधी. एवढं कळलं की दिवस आपोआप आखला जातो, ओहोटीला खाली खडकांवर, भरतीला वर व्हरांड्यात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जास्त वर येते आणि ओहोटीही जास्त खाली जाते, म्हणून डबकी बघायची असतील तर तारखा त्या बघून घ्या. निवांतच बसायचं असेल तर भांगाचे, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मधले दिवस बरे, पाण्याची वरखाली कमी. आणि टाइमटेबल बघायचं ते त्याच किनाऱ्याचं. कॅनडातल्या बे ऑफ फंडीत पाणी १६ मीटरपर्यंत चढतं आणि भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर अर्धा मीटरही धड चढत नाही, त्यामुळे एका ठिकाणचा अंदाज दुसरीकडे लावला की संपलं.

अजून एक, पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. सुरुवातीला हळू, मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते, मग परत हळू. म्हणून "अजून वेळ आहे की" म्हणत एखाद्या खडकावर बसलेली मंडळी बघता बघता अडकतात, मागचा रस्ता पाण्याखाली. ओहोटी संपायच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी वळलं की परत फिरायचं, एवढा नियम घरातल्या सगळ्यात लहान पोरालाही पाठ असला पाहिजे.

आता त्या डबक्यांबद्दल, कारण अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे असं मला वाटतं. आपण वाकून बघतो तेव्हा आत काहीच दिसत नाही. कारण आपली सावली पडलेली असते आणि सगळे लपलेले असतात. सावली बाजूला घेऊन नुसतं उकिडवं बसायचं, हालायचं नाही, बोलायचं नाही (हे पोरांपेक्षा मोठ्यांना जड जातं). मग थोड्या वेळानं एक शंख चालायला लागतो. आतून बारीकसे पाय बाहेर येतात आणि कळतं की शंखाचा मूळ मालक कधीच गेला, हा भाडेकरू खेकडा आहे. बाजूला जेलीचा गोळा वाटत असतो तो उघडतो आणि त्याला बोटं फुटल्यासारखी दिसतात, तो सी ॲनिमोन. खडकाला टोपीसारखे चिकटलेले जे दिसतात ते लिम्पेट, त्यांच्या बऱ्याच जाती पाण्याखाली असताना फिरून शेवाळ खातात आणि परत बरोबर आपल्या ठरलेल्या जागी येऊन बसतात, तिथं त्यांच्या कवचाच्या मापाची खाच पडलेली असते. तेव्हा उपटून बघायचं नाही, त्याचं घर जातं. उचललेला दगड जसा होता तसा परत ठेवायचा. यात एक तास कसा जातो कळत नाही आणि कुणी फोन मागत नाही, आता सांगा, सनसेट पॉइंटवर हे होतं का?

राहायची जागा निवडताना माझे प्रश्न ठरलेले असतात. बेडवरून नाहीतर व्हरांड्यातून पाणी दिसतं का, की फोटो ड्रोननं काढलाय? खाली उतरायला पायऱ्या किती, कठडा आहे का, दगड ओले राहतात का? आईबाबांचे गुडघे लक्षात घेऊनच बुकिंग करायचं, नाहीतर ते "तुम्ही जा रे, आम्ही बसतो" म्हणतात आणि आपण खुशाल जातो, आणि ट्रिपभर ते पार्किंगकडे तोंड करून बसलेले असतात. स्विमिंग पूल आहे का हा प्रश्न मी विचारत नाही. वरून समुद्र दिसणारी, वारा अडवणारी एक बसायची जागा पाहिजे, बस. वारा खरंच अडवणारी हं, कारण दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि उघड्या गच्चीवर कोणी पाच मिनिटं टिकत नाही. जाड जॅकेट उन्हाळ्यातही घ्या. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ऐन जून-जुलैमध्ये धुकं आणि गारठा असतो, खालचं थंड पाणी वर येतं म्हणून, आणि आकाश मोकळं मिळतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे सुट्टीचा सीझन आणि त्या किनाऱ्याचा सीझन एकच असेल असं नाही. सनस्क्रीन ढग असले तरी लावा. आणि चष्म्यावर तुषारांचं मीठ बसतं ते शर्टानं पुसू नका, गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर काचेवर चरे.

आता थोडं कडक बोलतो. खडकाळ किनाऱ्यावर लाटेकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. कितीही छान लाइट असला तरी. लाटा येतात त्या गटानं येतात, बराच वेळ सगळं शांत आणि मग लागोपाठ दोन-चार मोठ्या. त्या हजारो किलोमीटर लांबच्या वादळातून निघालेल्या असू शकतात, त्यामुळे इथं ऊन आहे, वारा नाही, याला काही अर्थ नाही. आइसलंडमधल्या रेनिसफ्यारा बीचवर अशाच अचानक वर आलेल्या लाटांनी माणसं ओढून नेली आहेत, तिथं धोक्याचे बोर्ड आहेत तरी लोक पाण्यापर्यंत जातात. खाली उतरायच्या आधी वर उभं राहून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघायचं, पाणी कुठपर्यंत येतंय ते. खडक ओला आणि काळा-हिरवा दिसला की तिथं पाय नाही. कड्याच्या टोकापासूनही लांब, कारण लाटांनी तो खालून पोखरलेला असू शकतो आणि वरून ते दिसत नाही. कोणी पडलंच तर मागून उडी मारायची नाही, तरंगेल असं काहीतरी फेकायचं आणि मदत बोलवायची. तिथला इमर्जन्सी नंबर आणि टाइमटेबल निघायच्या आधीच फोनमध्ये सेव्ह करा, नेटवर्कचा भरवसा नाही.

पहिल्या दिवशी घरातलं कोणीतरी नक्की विचारणार, "आता काय करायचं?" उत्तर द्यायचं नाही. खरंच. थोडी चिडचिड होते, पोरं कंटाळतात, नवरा नाहीतर बायको फोन घेऊन रेंज शोधत फिरते, होऊ दे. दुसऱ्या दिवशी तीच पोरं विचारतात, ओहोटी किती वाजता?

आणि ज्यांना पोहायचंय त्यांनी सरळ वाळूचा, लाइफगार्ड असलेला बीच बघावा, भांडण नाही. खडकाळ किनाऱ्यावर जाऊन "पाण्यात उतरता येत नाही" म्हणून एक स्टार देणारे रिव्ह्यू वाचले की मात्र हसावं की रडावं कळत नाही.