‘उत्तर कळलं नाही तर काय कराल?’

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते: ‘अरबी वाक्यं घोकून प्रश्न विचारता येईल, पण समोरचा अरबीतच उत्तर देईल तेव्हा काय कराल? दुबईत हिंदी चालते, बाकी ठिकाणी फोन आहे. सांगलीतल्या ज्येष्ठांना उगाच कामाला लावू नका.’

दुबईचं मान्य. तुम्ही तिथं नोकरी केलीत, तुम्हाला जास्त ठाऊक. पण माझा लेख इजिप्तला निघालेल्यांसाठी होता, आणि कैरोच्या बाजारात हिंदीवर भागत नाही.

उत्तराचा मुद्दा मात्र अगदी नेमका आहे, आणि म्हणूनच मी आधी आकडे शिका म्हणते. ‘बिकाम दा?’ म्हणजे ‘हे केवढ्याला?’ याचं उत्तर आकडाच असतो. आपल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना परक्या माणसाला बाकी काही कळलं नाही तरी आकडा कळला की भाव कळतो, तसंच हे. शिवाय मराठी माणसाला इथं मोठी सोय आहे. अरबीत २१ पासून पुढं एकक आधी आणि दशक नंतर येतं. २५ म्हणजे ‘खमसा व इशरीन’, पाच आणि वीस. आपल्या पंचवीसची घडण हीच, त्यामुळं कान आधीच तयार आहे. जपायचं ते १५ आणि ५० ला. ‘खमस्ताशर’ आणि ‘खमसीन’ घाईत सारखेच ऐकू येतात. टॅक्सीत बसण्याआधी भाडं दोनदा म्हणवून घ्या.

लिहिलेले आकडे तर एका संध्याकाळचं काम. किमतीच्या पाटीवर आपल्या शून्यासारखा गोल दिसला तर तो ५. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. गोलापुढं ठिपका, झाले पन्नास! इंग्रजी व्हीसारखी खूण म्हणजे ७, ती उलटी केली की ८. लिपी उजवीकडून वाचतात, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून.

ज्येष्ठांना कामाला लावू नका, हे मला अजिबात पटत नाही. खरी गरज त्यांनाच आहे. फोन जरूर न्यावा, पत्ता दाखवायला तो उत्तम. पण मधुमेह असलेल्या माणसानं चहावाल्याला ‘मिन घेर सुक्कर’, म्हणजे साखरेशिवाय, एवढं तोंडानं सांगितलं तर काम तिथंच होतं, कारण चहात भरपूर साखर घालायची तिकडं रीत आहे. शाकाहारी मंडळींनी ‘मिन घेर लहमा’वर थांबू नये. मांस नको म्हटलं तरी कोंबडी त्यात धरली जाईलच असं नाही, म्हणून पुढं ‘वला फिराख’ जोडायचं. आणि कोशरी मागायची: भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. पोटभर आणि स्वस्त.

मोरोक्कोत ही अरबी चालणार नाही म्हणालात, तेही बरोबर. तिथं किंमत विचारायची तर ‘बिशहाल?’ म्हणतात. इजिप्तची बोली सिनेमा-मालिकांमुळं अरब देशांत दूरवर समजते, म्हणून मी ती निवडली.

पुढच्या लेखात शंभरपर्यंतचे आकडे देवनागरीत देते आहे. आखातात कुठले उच्चार वेगळे ऐकलेत ते कळवलंत, तर तुमच्या नावानिशी तिथंच जोडीन.