खुलासा : ‘सर्व्हरचा प्रोसेसर लावा’वाल्या मेसेजबद्दल
मंडळी, “जुना झिऑन लावा, आठ कोर, सेतू केंद्राचं काम दुप्पट वेगानं” हा मेसेज यवतमाळकडच्या ग्रुपांत फिरून राहिला. झिऑन म्हणजे इंटेल कंपनीचा सर्व्हरसाठीचा (अनेकांची कामं एकत्र करणाऱ्या मोठ्या मशीनचा) प्रोसेसर, अन् कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा एकेक भाग. मीही मेसेज पुढे पाठवला होता, चुकलंच. इंटेलचं माहितीपत्रक आता नीट पाहिलं. २०१२ चा झिऑन ई५-२६७० आठ कोरचा आहे, पण त्याचा वेग फार तर ३.३ गिगाहर्ट्झ. इंटेलचाच साध्या कॉम्प्युटरचा २०२२ चा कोअर आय३-१२१०० चारच कोरचा, तरी ४.३ पर्यंत जातो. सातबारा काढायला, फॉर्म भरायला एकेका कोरचा वेगच कामी येतो. झिऑनला स्क्रीनवर चित्र दिसायला ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावं लागते. वर तो ११५ वॅटचा, आय३ ६० चा. मे महिन्यात, इन्व्हर्टरवर, हा फरक लहान नाही जी! एका मशीनवर अनेकांची कामं रात्रंदिवस चालत असतील, तर झिऑन बरा. तो मेसेज पाठवला असेल तर तिथंच हा खुलासा टाका, तो मेसेज पुढे पाठवू नका.