दोन बिस्किटांवरून एवढं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले त्याबद्दल सॉरी. ज्या दिवशी वाचली त्या दिवशी लिहिलं असतं तर रागात काहीतरी लिहून बसले असते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, आधीच्या लेखात मी लिहिलं होतं की आमच्या टीमचा खाऊचा एक ड्रॉवर आहे, सहा जण त्यातून खातात, पाच जण आळीपाळीने भरतात आणि एक जण वर्षभरात एकदाही काही न आणता रोज खातो, मग शेवटी आम्ही ड्रॉवरवर एक चिठ्ठी चिकटवली, "जो आणतो त्यानेच घ्यावं", खाली कुणाचं नाव नाही. आणि वाचणाऱ्यांनाही तोच उपाय सुचवला होता. त्यावर तुम्ही म्हणालात की दोन बिस्किटांवरून एवढं रामायण करणारी माणसं मनाने कोती असतात, खाण्यावरून कुणाचा हिशोब काढू नये, त्याची काय अडचण असेल हे तुम्हाला माहितीये का, आणि तोंड होतं ना, मग चिठ्ठी कशाला.

शेवटचं आधी घेते कारण तिथे तुमचं बरोबर आहे, अगदी शंभर टक्के. चिठ्ठी लावली त्या दुपारी तो ड्रॉवरपाशी आला, उभा राहून वाचलं, काही न बोलता जागेवर गेला आणि त्यानंतर आमच्याबरोबर जेवायलाही बसेना. हे मी लेखात लिहिलंच नव्हतं, लिहायला हवं होतं. नाव नव्हतं तरी कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळत होतं, त्यालाही, म्हणजे पाच जणांनी मिळून एका माणसाला सगळ्यांसमोर सुनावलं आणि त्याला उत्तर द्यायला समोर कुणी ठेवलंच नाही.

चिठ्ठीचं डोक्यात कुठून आलं तेही सांगते. न्यूकॅसल विद्यापीठातल्या एका विभागात चहा-कॉफीचे पैसे ज्याने त्याने डब्यात टाकायचे अशी सोय होती, तिथे किमतीच्या कागदावर एका आठवड्यात माणसाच्या डोळ्यांचा फोटो आणि पुढच्या आठवड्यात फुलांचा, असं आलटून पालटून लावलं, आणि डोळ्यांच्या आठवड्यांत फुलांच्या मानाने जवळजवळ तिप्पट पैसे जमले. 2006 साली छापून आलेला प्रयोग आहे. मला तो इतका पटला की वाटलं, बोलायची गरजच नाही, कागद लावला की काम होतं. पण नंतरच्या काही प्रयोगांत तसं दिसलेलं नाही हे मी तेव्हा नीट बघितलं नाही, आणि शिवाय तिथे प्रत्येकाला माहीत होतं की पैसे टाकायचे असतात. आमच्याकडे तेच नव्हतं.

पण "दोन बिस्किटं" हे मला आजही मान्य नाही.

आमच्यात सगळ्यात नवी जी मुलगी आहे तिची ड्रॉवर भरायची पाळी आली की ती सोमवारी भरायची आणि बुधवारी तो रिकामा. मग ती गुपचूप परत भरायची, कारण रिकामा दिसला तर आपलंच नाव खराब होईल असं तिला वाटायचं. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. एकदा मी मीटिंग रूममध्ये गेले तर ती तिथे अंधारात एकटी बसून बॅगेतला पुडा खात होती, मला बघून पटकन लपवला. स्वतःच्या पैशाने सगळ्यांसाठी आणणारी मुलगी स्वतःचं खाणं लपवून खातेय. त्या दिवशी मी ठरवलं की काहीतरी करायचं. तर तुम्ही म्हणता ना खाण्यावरून बोलू नये, ते ऐकायला फार मोठ्या मनाचं वाटतं, पण न बोलण्याचा भार कुणावर पडतो ते बघा. जो घेतो त्याच्यावर पडत नाही आणि माझ्यासारख्या जुन्या माणसावरही नाही, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर पडतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

तर तुमचं ते "तोंड होतं ना" डोक्यातून जाईना, म्हणून गेल्या आठवड्यात मी त्याच्याशी बोलले. एकट्याशी, जिन्यात. आधी सॉरी म्हटलं चिठ्ठीबद्दल. मग म्हटलं, "अरे, ड्रॉवर आम्ही पाच जण पाळीने भरतो, तुला हे कुणी कधी सांगितलंच नाही. सोमवारपासून तुझी पण पाळी धरू का?" एवढंच, घरी तीन वेळा म्हणून बघितलं होतं.

तो म्हणाला, "महिनाअखेरीला तुमच्या सगळ्यांच्या शीट्स रात्री बसून मी जुळवतो, तेव्हा कुणी विचारलं का की तुझी पाळी होती का?"

मला काही बोलताच येईना कारण हे खरं आहे. तो हे करतो, आम्ही थँक्यू म्हणतो आणि घरी जातो. माझ्या हिशोबात ते कधी आलंच नव्हतं. 1979 मधला रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आहे, नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं की घरातल्या कामांत तुमचा वाटा किती, आणि दोघांचे वाटे जोडले तर बहुतेक कामांत बेरीज शंभर टक्क्यांपेक्षा जास्त भरली. खोटं कुणी बोलत नसतं, स्वतः केलेलं जास्त आठवतं इतकंच. आम्ही पाच जण ड्रॉवर मोजत होतो आणि तो शीट्स.

तरी मी त्याला हेही सांगितलं की त्या मुलीच्या शीट्स तुझ्याकडे येतच नाहीत, तिचं काम वेगळं आहे, मग तिने तुझ्यासाठी ड्रॉवर दोनदा का भरायचा? यावर तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, धर पाळी.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी हेच बघितलं होतं की गावाचं कुरण, मासेमारीची जागा, पाण्याचे पाट असल्या सगळ्यांच्या गोष्टी लोक पिढ्यानपिढ्या कसे टिकवतात. जिथे टिकल्या तिथे नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले होते, सगळ्यांना माहीत होते, आणि मोडणाऱ्याला पहिल्यांदा अगदी हलकं सांगितलं जायचं, कडक पुढे. आमच्या ड्रॉवरचं उलटं झालं. कुणीतरी एकदा उरलेलं ठेवलं, मग दुसऱ्याने आणलं, पाळी आपोआप पडली, तो नंतर टीममध्ये आला आणि त्याला कुणी काहीच सांगितलं नाही, आणि जे पहिलं सांगितलं तीच सगळ्यात कडक शिक्षा.

आता अडचणीचा मुद्दा. तुमचा हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो. कुणाला पैशाची ओढाताण असेल तर त्याने आणूच नये, खावं मात्र जरूर, त्याची पाळी मी आनंदाने घेईन आणि कुणाला सांगणार पण नाही. पण ओढाताण आहे की लक्षच नाही हे बाहेरून कळत नाही, आणि तो स्वतःहून सांगणार नाही. एकट्यात विचारलं तर "मला सध्या नाही जमणार" म्हणायला जागा राहते. म्हणून विचारणं हेच मला जास्त माणुसकीचं वाटतं, गप्प राहून मनात धरून ठेवण्यापेक्षा.

आणि सांगूनही कुणी ऐकलं नाही तर? दुसऱ्यांदा सांगावं, तिसऱ्यांदा नाही. मॅनेजरकडे जाऊ नये, ही चोरी नाही. आधीच्या एका नोकरीत असंच झालं होतं, तिथे शेवटी ड्रॉवर बंद केला आणि ज्याने त्याने आपापल्या टेबलावर ठेवलं. भांडण मिटलं, पण चार वाजता तिथे उभं राहून पाच मिनिटं बोलायचो ते पण गेलं, मला अजून आठवतं.

चिठ्ठीवाला सल्ला मी लेखातून काढून टाकलाय आणि त्या जागी जिन्यातलं वाक्य टाकलंय. "कोती" म्हणालात ते लागलं, पण प्रतिक्रिया तशीच ठेवतेय. या सोमवारी त्याची पहिली पाळी आहे. त्या मुलीशी मात्र मी अजून बोललेले नाही, तिला आधी विचारायला हवं होतं, ते उद्या करते.