‘तू आहेस ना तिकडे!’

परदेशात नोकरी करून मुंबईत ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून फ्लॅट घेणाऱ्या तमाम दादा-वहिनींसाठी ही पोस्ट. लिहिणारी मुलुंडला राहते, नोकरी करते आणि नवी मुंबईत उलव्यातल्या एका फ्लॅटची बिनपगारी केअरटेकर आहे. फ्लॅट दुबईच्या भावाचा, कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे.

माझं म्हणणं एकच: ज्या घरामागे कुणाचे तरी रविवार फुकट जातात, त्याच्या नफ्याचा हिशोब मांडताना ते रविवारही धरा.

दुबईतल्या प्रॉपर्टी प्रदर्शनांत अटल सेतू दाखवतात, विमानतळ दाखवतात. त्यात खोटं काही नाही. सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून विमानंही उडाली. पण भाडेकरूच्या बाथरूमची गळती बघायला मुलुंडहून ठाणे, ठाण्याहून नेरूळ आणि तिथून उरणची लोकल धरून खारकोपरला कोण उतरणार, हे ब्रोशरमध्ये नसतं. दादाचं उत्तर तयार असतं, ‘तू आहेस ना तिकडे!’

आता पैशांचं बघू. समजा घर एक कोटीचं आणि भाडं महिना २५ हजार. म्हणजे वर्षाला तीन टक्के, तेही कागदावर. त्यातून मेंटेनन्स, त्यावर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंत), मालमत्ता कर, एजंटचं ब्रोकरेज आणि घर रिकामं राहिलेला एखादा महिना वजा करा. अकरा महिने संपले की पुन्हा नवं अ‍ॅग्रीमेंट, पुन्हा मशीनवर माझा अंगठा, पुन्हा भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं. मालक एनआरआय असला की भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापून भरायचा असतो. हे सांगितलं की चांगला भाडेकरूसुद्धा ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो आणि फोन उचलत नाही. कापलेला पैसा रिटर्न भरून परत मिळू शकतो, पण सीएच्या मागे लागायला पुन्हा मीच.

विकताना तर अजून मजा. इथल्या माणसाकडून ५० लाख किंवा त्यावरचं घर घेताना खरेदीदार एक टक्का कापतो. एनआरआयकडून घेताना, घर दोन वर्षांहून जुनं असेल तर १२.५ टक्के, वर अधिभार आणि सेस. कमी टीडीएसचा दाखला आयकर खात्याकडून आधी आणला नाही, तर सहसा नफ्यावर नाही, अख्ख्या किमतीवर कापतात. जुलै २०२४ आधी घेतलेल्या घरासाठी महागाई धरून २० टक्क्यांनी कर भरायची जी मुभा आहे, तीही फक्त इथे राहणाऱ्यांना.

आणि रुपया? २०११ च्या मध्याला डॉलर ४५ च्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. दिरहॅम डॉलरला बांधलेला. म्हणजे तेव्हा घेतलेलं घर रुपयांत दुप्पट झालं, तरी दिरहॅममध्ये होतं तिथेच. परत येऊन याच घरात राहणार असाल तर ह्या हिशोबाला काही अर्थ नाही, खुशाल घ्या. आईबाबांना लिफ्टच्या इमारतीत हलवायचं असेल तर आजच घ्या, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेलं बघून घ्या, म्हणजे जीएसटीही वाचेल. माझा राग ‘पडून राहू दे, वाढेल’ ह्या घरांवर आहे. ती पडून राहत नाहीत हो, त्यांना सतत काहीतरी हवं असतं.

भावंडांत पैशांचं कसं बोलायचं, हा संकोच मला कळतो. पण तिऱ्हाईताला कामाचे पैसे देता, मग बहिणीला दिवाळीत परफ्यूमची बाटली का? महिन्याचं भाडं येतं त्यातला ठरलेला हिस्सा द्या. नसेल द्यायचा तर पगारी माणूस ठेवा आणि मग उरलेल्या आकड्याकडे बघा.

सध्या दादाला कर्जतला शेतजमीन दिसते आहे. एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, असं सांगितलं. तर म्हणे, तुझ्या नावावर घेऊ. अरे, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, माझ्या नावावर कुठे सातबारा आहे? आणि पैसे तुझे, नाव माझं, ह्याला कायदा बेनामी म्हणू शकतो. स्पष्ट नाही म्हटलं. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या एजीएमची नोटीस फॉरवर्ड केली.