‘वर्ण : फेअर’

गेल्या महिन्यात सांगलीहून ताईचा फोन आला. भाचीचा बायोडेटा इंग्रजीत करून हवा होता; स्थळं आता परदेशातूनही येताहेत. शिक्षण, उंची, रास, नक्षत्र सगळं झालं आणि ‘वर्ण : निमगोरा’ या ओळीपाशी मी थांबले. ताई म्हणाली, "त्यात काय एवढं? फेअर लिही."

इथे इंग्लंडात, लेस्टरला, हा शब्द दिवसभर कानावर पडतो. कुणी रांगेत मध्ये घुसलं, कुणाला पगारवाढ मिळाली नाही, की ‘दॅट्स नॉट फेअर’. समोरच्याचं म्हणणं पटलं की ‘फेअर इनफ’. माणसाच्या रूपाबद्दल वापरला तर बहुधा सोनेरी केस, नाहीतर उन्हात चटकन भाजणारी कातडी. म्हणून तर माझ्या लेकीने बायोडेटा पाहून विचारलं, "पण दीदीचे केस काळेभोर आहेत ना?"

जुन्या इंग्रजीत फेअर म्हणजे सुंदर. उजळ कांतीचा अर्थ त्याला नंतर जडला, आणि तोही इंग्लंडातच. तेव्हा सगळा दोष आपला नाही. पण मराठीने या शब्दाचं केवढं नेमकं भाषांतर करून ठेवलंय! रेशनच्या दुकानावरची पाटी आठवा : ‘रास्त भाव दुकान’. फेअर प्राइस शॉप. ज्वारी-तांदळाच्या भावात आपल्याला जो रास्तपणा कळतो, तो मुलगी बघताना कुठे जातो?

२०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. नावाने काय होतं, असं बरेच जण म्हणाले. मला वाटतं, नाव बदललं ते बरोबरच झालं. १९७५पासून ती ट्यूब आपल्या घरांत होती. मीही दहावीत रोज लावायचे. पण कंपनीने शब्द काढला आणि आपण मात्र बायोडेटात तो तसाच ठेवला, हे मला सलतं. परदेशात राहून हे सुटतं असंही नाही. पारा किंवा हायड्रोक्विनोन हे कातडी उजळवणारं रसायन घातलेली, कायद्याने बंदी असलेली क्रीम ब्रिटनमध्येही चोरून विकली जातात आणि ती घेणाऱ्यांत आपले लोक असतात.

मी ताईला म्हटलं, ती ओळच नको.

"मग ते विचारतीलच."

"विचारू देत. फोटो आहे की."

इंग्रजी प्रतीतून ओळ गेली. मराठी प्रतीत अजून आहे. दर रविवारी फोनवर आमचं त्यावरच चाललेलं असतं.