पाचगणी ते पुणे : तुमच्या दोन स्टारला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

पाचगणीत बंद पडलेली तुमची गाडी आम्ही ट्रकमागच्या ट्रेलरवर चढवून पुण्याला आणली, त्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. गाडी चढवायला दीड तास लावला, एकदा चढवलेली गाडी उगाच उतरवून परत चढवली, बायको-मुलांना गाडीत बसू दिलं नाही, वाईत चहासाठी ट्रक थांबवला आणि हायवेवरही बैलगाडीच्या वेगाने नेलं, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय हॉटेलवरचा माणूस निम्म्या पैशांत दोरीने ओढून न्यायला तयार होता. आता हे वाचून आणखी चार लोक आम्हाला फोन करायचा की नाही ते ठरवणार, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी दोरीचं बघू. तुमची गाडी ऑटोमॅटिक, त्यात चारही चाकांना ताकद जाणारी. इंजिन बंद ठेवून अशी गाडी चाकांवर ओढली की गिअरबॉक्स आतून फिरत राहतो, पण त्याला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो, तो बंदच असतो. म्हणजे कोरडा गिअरबॉक्स घेऊन पुण्यापर्यंत. तुमचं इंजिन नुसतं तापून बंद पडलं होतं, वर गिअरबॉक्सचं काम निघालं असतं. त्यात इंजिन बंद असलं की पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर काम करत नाही, पेडल दगडी होतं, स्टिअरिंगही जड. दोरीने ओढताना दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि मागच्या गाडीत लायसन्सवाला ड्रायव्हर बसवावा लागतो. पसरणी घाट उतरताना पुढच्या गाडीपासून पाच मीटरवर, न लागणारा ब्रेक घेऊन कोण बसणार होतं? तुम्हीच ना? तो माणूस निम्म्यात न्यायला तयार होता यात नवल नाही, गिअरबॉक्सचं बिल त्याला थोडंच येणार होतं.

आता दीड तास. रात्रभर चारही इंडिकेटर चालू राहिल्यामुळे बॅटरी पार बसली होती. बॅटरी नाही म्हणजे गिअर पार्किंगमधून हलत नाही. तुमच्यासमोरच आमच्या पोराने गिअरच्या दांड्याशेजारचं छोटं झाकण स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं, आतली खिट्टी दाबून धरली, तेव्हा कुठे न्यूट्रल पडला. त्याच्याआधी चाकांना ठोकळे लावले, कारण हॉटेलचं पार्किंग उताराचं. तिथे गाडी वळवायला जागा नव्हती, मागे भाजीचा टेम्पो हॉर्न वाजवत उभा होता. म्हणून विंचने, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, जशी आली तशी, म्हणजे मागच्या अंगाने, ट्रेलरवर घेतली आणि मोकळ्या सपाट जागेवर आणून उतरवली. तिथे तोंड फिरवून परत चढवली. त्या उतरवण्याला तुम्ही ‘उगाच’ म्हणता, पण त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं.

बैलगाडीचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. आमच्याकडे कारखान्याला ऊस नेणारा गाडीवान गाडी मागे जड भरत नाही. भरली की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. ट्रेलरचं तेच आहे. गाडीचं इंजिन पुढे, त्यामुळे जास्त वजन पुढच्या चाकांवर. उलटी चढवली की तो भार ट्रेलरच्या शेपटाला जातो, ट्रेलर ट्रकला जोडणारा हूक वर उचलला जातो आणि ट्रकची मागची चाकं हलकी होतात. तुमची गाडी आणि ट्रेलर मिळून चोवीसशे किलोच्या घरात. त्यातलं दहा ते पंधरा टक्के, म्हणजे २४० ते ३६० किलो, हुकावर दाबून बसलं पाहिजे. कमी असेल तर वेग घेतल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके खायला लागतो. फार जास्त झालं तर ट्रकचं पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. म्हणून गाडी चार बोटं पुढे-मागे सरकवून आम्ही बसवतो. बघणाऱ्याला तो वेळकाढूपणा वाटतो.

वाईत चहा प्यालो, नाकारत नाही. पण थांबलो बेल्टसाठी. आम्ही चारही चाकांना वेगवेगळे रॅचेट बेल्ट, म्हणजे दात्यांवर आवळत जाणारे पट्टे, बांधतो. बॉडीला बांधले तर स्प्रिंग दबली की बेल्ट ढिला पडतो. चाकाला बांधलेला बेल्टही पहिल्या काही किलोमीटरांत थोडा बसतो, आणि घाट उतरल्यावर तर बघावाच लागतो. तुम्ही कप हातात घेऊन उभे होतात तेव्हा मागच्या डाव्या बेल्टचं रॅचेट दोन दात पुढे गेलं. हुकाखालच्या दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घातलेल्या असतात, त्याही पाहिल्या. हूक निसटला तर ट्रेलरची दांडी रस्त्यात न घुसता त्या साखळ्यांवर पडावी, एवढ्यासाठी.

मुलांचा हट्ट होता, समजतं. ट्रेलरवरच्या गाडीत आम्ही कोणालाच बसवत नाही, मालकालाही नाही. केबिनमध्ये दोघांची जागा देऊ केली होती. तुम्हाला चौघांनी एकत्र जायचं होतं, मग ट्रकमागून यायला टॅक्सी करावी लागली. त्या भाड्याचा आमच्या बिलाशी संबंध नाही.

वेग. घाटात ट्रक दुसऱ्या गिअरात होता आणि तसाच राहणार. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला की ड्रम तापतात आणि नेमके खालच्या वळणावर ब्रेक धरत नाहीत. आखूड वळणावर ट्रेलर आतून कापतो, म्हणून ट्रक बाहेरून घ्यावा लागतो. समोरून एसटी चढत असेल तर थांबून तिला वाट द्यावी लागते, चढणाऱ्या गाडीचा हक्क आधी. हायवेवर काटा पन्नासच्या वर गेला नाही हेही खरं. आपण आलो त्या वाटेवर खंबाटकी घाटातला बोगदा संपला की पुण्याकडे उतार आणि ते एस वळण होतं. तिथल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही पुण्यात वाचल्या असतीलच. उतारावर ट्रेलर डोलायला लागला तर घाबरून ब्रेक मारायचा नसतो. मारला की मागचं वजन ट्रकला ढकलतं आणि झोके वाढतात. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. हे जमतं ते वेग मुळातच कमी असेल तर. ऐंशीला डोलायला लागलेला ट्रेलर कुठल्याच ड्रायव्हरच्या हातात राहत नाही, आमच्याही नाही.

पुढच्या बंपरवरचा ओरखडा आमच्या माथी मारलाय, तेवढं मान्य नाही. गाडीला हात लावण्याआधी चारही बाजूंनी काढलेले फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर त्याच सकाळी पाठवले होते, ओरखडा त्यात दिसतोय. बिल फोनवर ठरल्याएवढंच लावलंय, टोल वेगळा, आणि टोलच्या पावत्या बिलाला जोडलेल्या आहेत. पुन्हा हव्या असतील तर ऑफिसच्या नंबरवर मेसेज टाका.