लोकप्रिय इतिहासकार होऊ घातलेल्यांस

इतिहासकार व्हायचे तुम्ही मनावर घेतलेच असेल, तर मोडी शिकण्याच्या फंदात मात्र पडू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द एकमेकांना चिकटून येतात आणि एका पत्रावर अख्खी दुपार घालवून हाती लागते ते बहुधा इतकेच, की कोणा कमाविसदाराने दाणावैरण अजून पोचली नसल्याची तक्रार केली आहे. दाणावैरणीवर सभागृह भरत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले. तुम्ही त्या खंडांपुढे बसून एक छायाचित्र काढून घ्या. निमंत्रणपत्रिकेवर आणि मलपृष्ठावर ते दहा वर्षे सहज चालते.

पहिला विषय म्हणून नारायणराव पेशव्यांचा खून घ्यावा, असे मी सुचवीन. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात काय घडले, हे श्रोत्याला आधीच ठाऊक असते, आणि ठाऊक असलेलेच पुन्हा ऐकायला तो आलेला असतो. आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, हे सांगताना क्षणभर थांबावे, बोटाने हवेत ‘ध’ काढावा आणि त्याचा सावकाश ‘मा’ करावा. टाळी हमखास येते. ती खाडाखोड आनंदीबाईंच्याच हातची, याला ऐकीव परंपरेपलीकडे भक्कम आधार नाही, असे बोलून जाण्याचा मोह झालाच, तर पाणी प्यावे. त्या एका वाक्याने सभागृहातले चेहरे उतरतात, आणि उतरल्या चेहऱ्याने कोणी बाहेरच्या टेबलावर पुस्तक घेत नाही. खून करणाऱ्या गारदी शिपायांचा पगार थकला होता, ही हकिकत तर चुकूनही काढू नये, कारण थकलेल्या पैशांचा विषय निघाला की आयोजकांना तुमचे मानधन आठवते आणि ते लगबगीने शाल-श्रीफळ पुढे करतात.

प्रकाशकाशी व्यवहार सोपा आहे. पहिली आवृत्ती जितकी लहान काढावी, तितकी दुसरी लवकर निघते, आणि ‘पंधरा दिवसांत दुसरी आवृत्ती’ या जाहिरातीत प्रतींचा आकडा छापण्याची पद्धत नाही. पुढचे पुस्तक लिहायचे कधी, ही चिंता व्यर्थ आहे. व्याख्यानांचे शब्दांकन झाले की पुस्तक तयार होते, त्या पुस्तकावर पुन्हा व्याख्याने होतात, आणि तळटीप द्यावीच लागली तर स्वतःच्या मागच्या पुस्तकाची द्यावी. पुरावा घरचा असला की कोणी उलटतपासणी घेत नाही.

प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ उठतील आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आमचे पूर्वज होते, तुमच्या पुस्तकात त्यांचे नाव का नाही, असे खडसावून विचारतील. नाव कोणत्याच कागदात सापडत नाही, हे उत्तर उद्धटपणाचे होय. ‘आपल्या घराण्यावर स्वतंत्र ग्रंथच व्हायला हवा’ एवढे म्हणावे. गृहस्थ तीन प्रती घेतात.

सह्यांच्या रांगेत शेवटी एखादे आजोबा लाल फडक्यात बांधलेला कागदांचा रुमाल घेऊन उभे असतात. ते गाठ सोडतात. आत वाळवीने कडा खाल्लेले, मोडीतले चाळीसेक कागद. घरात आता कोणाला वाचता येत नाही, तुम्ही जरा बघाल का, असे ते संकोचून विचारतात. वरचा कागद अलगद उचलावा, उजेडाकडे धरावा, शेजारच्यांच्या लक्षात येणार नाही अशा बेताने तो सुलटा असल्याची खात्री करून घ्यावी आणि ‘अमूल्य ठेवा आहे, जपा’ असे गंभीरपणे सांगावे. मग आपल्या हाताने गाठ बांधून रुमाल टेबलावर ठेवावा. त्याची उंची अगदी बेताची असते. त्यावर पुस्तक ठेवले की सही झोकात येते.